सदानंदाच्या दारापुढचे भोपळे

"आलेली वाटी रिकामी परत करू नये," हे दमयंतीआक्काचं पालुपद. सांगलीकडच्या आमच्या गावात तिच्या घरून कुणाचंही भांडं रितं गेलं नाही. काही नसलं तर कढीपत्त्याची काडी तरी ती घालायचीच.

जपानातल्या मोठ्या भूकंपानंतर पाच-सहा वर्षांनी ती आणि मी, तिचा धाकटा भाऊ, तिच्या लेकाकडे तिथल्या तोयोसुला राहायला गेलो. लेक अंबरीष दिवसभर ऑफिसात. आईला करमावं म्हणून त्याने तिच्या हाती एक गेम दिला. त्यात होतं एक गाव. गावात चष्म्याचा बगळा, ढगावर लोळणारी म्हैस आणि तीन शेपट्यांचं साळिंदर. साळिंदर हसलं की त्याच्या पोटात दिवा लागे. आक्काने त्याचं नाव ठेवलं सदानंद.

"शेजारी असावा तर असा. ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही."

"आणि मी?" मी विचारलं.

"बघ, बोललास."

गेम घेऊन बागेत फिरताना दुसरा खेळणारा जवळून गेला, की त्याची टोपली गेममधल्या आपल्या गावात येई. एकदा कुणाचा तरी भोपळा आला. आक्काने टोपलीत दोन आंबे घालून धाडले. उत्तरादाखल आणखी भोपळे आले. आक्काने आणखी आंबे धाडले. होता होता भोपळ्यांचा डोंगर झाला आणि सदानंदाचं दार त्याखाली गडप झालं.

"आई, आज संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाहीस, तर तो कायमचा गाव सोडेल," एका रविवारी अंबरीष म्हणाला.

आक्काचा चेहरा उतरला. "मग टाकून देते भोपळे."

"भेट टाकता येत नाही. देणाऱ्यानेच समोर येऊन उचलावी लागते."

"दिलेलं उचलून न्या, असं मी सांगू? माहेरचे काय म्हणतील?"

माहेरचा मीच होतो. मी काही म्हणणार नाही, असं मी सांगितलं.

तिघं बागेत गेलो. बाकावर गवती टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ हातात तोच गेम घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होते. नाव ओकुमुरासान. त्यांच्या गेममधल्या गावात आक्काच्या आंब्यांखाली पंखांचं कासव अडकलं होतं.

"तेही आपल्यालाच शोधत होते," अंबरीषने त्यांचं बोलणं सांगितलं. "पण आंबे परत घ्या, हे तोंडाने म्हणवत नाही म्हणतात."

आक्काने पदर खोचला. मग म्हणाली, "परत हा शब्दच काढू नकोस. सांग, आमच्याकडे लग्न निघालंय, घरात जागा नाही. भोपळे जरा तुमच्याकडे सांभाळायला ठेवा."

"लग्न कुणाचं?"

"सदानंदाचं. सांग म्हटलं की सांगावं."

ओकुमुरासाननी गंभीरपणे ऐकलं. मग तितक्याच गंभीरपणे म्हणाले, आमचं छप्पर गळतंय. आंबे भिजतील. तुम्ही सांभाळाल का?

भोपळे भुर्रकन त्यांच्याकडे, आंबे आपल्याकडे. सदानंद शेपट्या झाडत बाहेर आला, आक्काशी बोलला आणि पोटातला दिवा लागला. तिकडे कासव उडालं ते थेट बगळ्यासारखं. आक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली, की ओकुमुरासानही हसू लागले आणि टोपी खाली पडली तरी हसतच राहिले.

मग ती घराकडे निघाली. त्यांनी वाकून नमस्कार केला. तिने वळून हात जोडले. ते आणखी वाकले. आता पाठ कशी फिरवायची? आक्का हात जोडून उलट्या पावलांनी चालू लागली. अंबरीष मागचा रस्ता बघून "डावीकडे, आई, डावीकडे" सांगत होता. झाडांआड ती दिसेनाशी होईपर्यंत ओकुमुरासान वाकलेल्या मानेने, डोळे तेवढे वर करून, तिच्याकडे बघत उभे होते.