गालगुच्चेकाका

आमच्या ह्यांचा कुणी अपमान केला तर हे भांडत नाहीत, व्हॅन धुतात. त्या दिवसांत व्हॅन इतकी धुतली की मागचा शाळेचा फलक वाचता येईना.

शाळेच्या मुलांना नेण्या-आणण्याचं आमचं काम. हे गाडी चालवतात, मी मागे मुलांमध्ये बसते. व्हॅनची पायरी उंच, म्हणून लहान मुलांना हेच उचलून आत ठेवायचे आणि ठेवता ठेवता प्रत्येकाचा गालगुच्चा घ्यायचे. मुलं त्यांना गालगुच्चेकाकाच म्हणत. ह्यांनीही प्रत्येकाला एकेक टोपणनाव ठेवलं होतं. सदा रडणारा तो भोंगा, गोल चेहऱ्याची ती बटण. आम्हाला मूल नाही. जे काही लाड करायचे ते हे जाता-येताना करून घ्यायचे.

मग बालवर्गाच्या बाईंनी शाळेत एक नवीन गोष्ट शिकवली. आपलं अंग आपलं. कुणी हात लावलेला आवडला नाही तर नको म्हणायचं, आणि दुसऱ्याने नको म्हटलं की आपण थांबायचं. दुसऱ्या दिवशी ह्यांचा हात गालाकडे गेला आणि बटण म्हणाली, "नको, काका."

हे थांबले. हात तसाच हवेत राहिला. मग एकेकाने तेच सुरू केलं. पोरांना नवा खेळच मिळाला, भोंगा तर रडायचं विसरून नको नको करत सुटला. मला हसू आवरेना. हे मात्र घरी येताच बादली घेऊन व्हॅन धुवायला लागले. जेवायला बसल्यावर बोलले ते एवढंच, "मी काय तसला माणूस आहे?"

नाही हो, असं कोण म्हणतंय, म्हणून मी समजूत घातली. पण ह्यांच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. बसले की उठायचं, उठले की किल्ल्या खुळखुळवायच्या. बाईंशी बोलणं बंद. वर्ष संपलं की व्हॅन विकून टाकायची आणि कुठल्यातरी गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरायची, हेही ठरवून झालं. तिथली पोती तरी नको म्हणणार नाहीत म्हणे. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं. मुलांशिवाय हा माणूस महिनाभरात वाळून जाईल, हे मला दिसत होतं.

भरीला भर म्हणून त्यांनी पायरीपाशी ठेवायला एक लाकडी स्टूल आणलं. आता कुणाला हात लावायचा प्रश्नच नको. पोरं स्टुलावरून चढायची आणि हे तोंड फिरवून उभे राहायचे. रुसायचं वय नक्की कुणाचं, तेच कळेना.

एका दुपारी सगळ्यांना सोडून आम्ही शेवटी बटणच्या घरापाशी आलो. तिची आई संध्याकाळी कामावरून यायची. तोवर ती वरच्या मजल्यावरच्या शेजारच्या आजोबांकडे थांबायची. निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड. मी दार उघडलं, पण बटण उतरेना. दप्तर पोटाशी धरून बसून राहिली. झोप आली का, कुणी मारलं का, मी विचारून थकले. वर खिडकीतून आजोबांनी हात हलवला, तशी ती सीटच्या मागे सरकली.

हे उतरून मागे आले. सवयीने तोंड फिरवणार, तेवढ्यात तिने हाक मारली.

"काका, मी नको म्हटलं तेव्हा तुम्ही थांबलात ना?"

"थांबलो की."

"वरचे आजोबा थांबत नाहीत."

रोज त्या जिन्यापर्यंत तिला मीच तर पोचवत होते. हे दारापाशी उकिडवे बसले, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"सांगितलंस ते फार चांगलं केलंस," ते म्हणाले. "आता तिकडे जायचं नाही."

दार ओढून घेतलं आणि गाडी वळवली. शाळेत बाई निघायच्या तयारीत होत्या. इतके दिवस ज्यांच्याशी अबोला धरला होता त्यांच्यापुढे हे जाऊन उभे राहिले आणि "बाई, हिचं ऐका," एवढंच म्हणाले. मग बाहेर येऊन व्हॅनभोवती फेऱ्या घालत राहिले. आत बाईंनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, आईला बोलावलं, आणि तिथून आम्ही सगळेच पोलिसांकडे गेलो. त्या आजोबांना पोलिसांनी त्याच रात्री नेलं.

परतताना ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना असं रडताना पाहिलं.

"आणि मी तिच्यावर रुसलो होतो," म्हणाले.

व्हॅन विकायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, पण भिंगरी काही थांबली नाही. बटण शाळेत येईना, आणि हे रोज तिच्या घरापाशी गाडी उगाच हळू करायचे. मग एका सकाळी ती आईचा हात धरून खाली उभी दिसली. आईने कामाच्या वेळा बदलून घेतल्या होत्या, दुपारी ती स्वतः घरी असणार होती. ह्यांनी स्टूल ठेवलं, बाजूला सरकले, पण राहवेना.

"हात देऊ का?"

बटणने जरा विचार केला. "नको," म्हणाली आणि स्टुलावरून स्वतःच चढली.

"शाब्बास," हे म्हणाले. त्या दिवशी व्हॅन धुतली नाही.