मुखपृष्ठासाठी घोडा

घोड्यावर बसता न येणाऱ्या बाईने घोडेस्वारीवर कादंबरी लिहू नये, असा कायदा अजून तरी झालेला नाही. मी तर लिहिलीच. वाशीच्या ऑफिसातून घणसोलीला घरी यायचं, कुकर लावायचा आणि दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात शत्रूच्या गोटात शिरायचं, अशी माझी काही वर्षं गेली. नायिका तुळजा. किल्ल्यावरून गुप्त निरोप घेऊन निघते, आपल्याच माणसांतला फितूर कोण ते वाटेत शोधून काढते आणि शेवटच्या पानापर्यंत घोड्यावरून उतरत नाही. (जेवते कधी, असं आमच्या अहोंनी विचारलं होतं. मी त्यांचंच ताट वाढलं.)

प्रकाशकांना कादंबरी आवडली. मुखपृष्ठ मात्र त्यांनी पाठवलं ते असं : खिडकीशी उभी पाठमोरी बाई, केसांत गजरा, हातात दिवा.

"ही कोण?" मी फोनवर विचारलं.

"तुळजा."

"ती खिडकीत कशाला उभी राहील? ती कुणाची वाट बघत नाही. शत्रू तिची वाट बघतात."

"मॅडम, ऐतिहासिकला असंच चालतं. वाचकाला दिवा बरा वाटतो."

"मग वाचकाला सांगा, ट्यूबलाइट लावून वाच."

ते हसले. म्हणाले, सोमवारपर्यंत तुमच्याकडून दुसरा फोटो आला तर बघू, नाहीतर दिवेवालीच छापायला जाईल. मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. इतकी वर्षं जिला एकदाही रडू दिलं नाही, तिला हे लोक खिडकीत उभी करणार होते!

कादंबरीचं प्रत्येक प्रकरण मी आधी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या आणि टीकाकार म्हणून फार कडक. त्यांनी मोबाइल लांब धरून ते चित्र पाहिलं.

"येवडी रानोमाळ पळीवली पोरीला, आन् शेवटी खिडकीत हुबी केली? तू घोडा घिऊन ये. लुगडं मी नेसवते."

घोडा शेजारच्या तळवली गावात मिळाला. वरातीचा घोडा होता, पांढराशुभ्र, नाव हिरो. मालक बाळारामदादा तिथलेच. फोनवर म्हणाले, "तलवार, छत्री आनि घोरा, सगला यकातच येतं बाय. छत्री नको तं राहू द्या." घोडा स्वभावाने कसा आहे विचारलं तर म्हणाले, "गरीब हाय. आजवर यक नवरा नाय पारला त्यानं."

घोड्यावर बसणार कोण, हा प्रश्न उरला. लेकीने वरही न बघता सांगितलं, "मम्मी, प्लीज. मला परत कॉलेजमध्ये तोंड दाखवायचंय." म्हणजे राहिले मी. वय पन्नाशीपलीकडे, डावा गुडघा नावापुरता. पण मावळता सूर्य पाठीमागे असला की माणूस नुसता काळा दिसतो, वय कळत नाही, असं अहो म्हणाले. ते फोटो काढणार होते, म्हणून मी हे कौतुकच मानून घेतलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही घणसोली गावामागच्या मोकळ्या मैदानात गेलो. सासूबाईंनी काष्टा इतका आवळून घातला होता की मला श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागत होता. बाळारामदादा, अहो आणि एक प्लास्टिकची खुर्ची, या तिघांच्या मदतीने तुळजा एकदाची घोड्यावर चढली. वर गेल्यावर कळलं की घोडा कादंबरीत असतो त्यापेक्षा प्रत्यक्षात बराच उंच असतो.

अहोंना फ्रेम सापडेना. उजवीकडे वळलं की मागे टॉवर, डावीकडे वळलं की मागे दुसरा टॉवर. तुळजाच्या काळात बिल्डर नव्हते, हे मी वरून ओरडून सांगत होते. शेवटी एक कोपरा मिळाला, तर तिथे चौकड्यांचा शर्ट घातलेले बाळारामदादा लगाम धरून उभे.

"दादा, लगाम सोडून जरा बाजूला व्हा."

"नको बाय. धरलेला बरा."

इथे मी जे बोलले ते प्रामाणिकपणे लिहिते. मी म्हणाले, "माझ्या तुळजाचा लगाम आजवर कोणी धरला नाही. सोडा."

त्यांनी सोडला. आणि त्याच वेळी गावात कुणाच्या तरी वरातीचा बँड सुरू झाला.

हिरोचे कान उभे राहिले. इतकी वर्षं ज्या आवाजावर त्याची भाकरी चालली, तो आवाज आला म्हणजे ड्यूटी लागली, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उधळला असता तर निदान माझ्या कादंबरीची लाज राहिली असती. तो नाचत निघाला. दोन पावलं पुढे, एक मागे, मध्येच मानेला झोका. मी लगाम ओढला तर त्याला वाटलं, बाईंना अजून नाच पाहिजे.

गावातल्या गल्लीत बँडवाल्यांनी त्याला लगेच ओळखलं. "अरे, हिरो आला!" म्हणत त्यांनी त्याला पुढे घेतलं. खरा नवरा फुलांनी सजवलेल्या गाडीत होता. तो आता माझ्या मागे पडला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "काकी, जरा साइड देता का?" मी कुठून देणार? लगाम केव्हाच हातातून सुटला होता. उरली होती तलवार, आणि ती खाली आणली की कुणाच्या तरी फेट्यात अडकायची, म्हणून मी हात उंच धरून बसले होते.

मांडवाच्या दारात एका म्हाताऱ्या आजींनी मला ओवाळून कुंकूसुद्धा लावलं. मग डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "गो बाय, नवरा नाय हा. बाईमानूस हाय. बाईमानसाला कशाला पायजे घोरा?"

तोवर सासूबाई गर्दीतून वाट काढत पोचल्या होत्या. "का वं?" त्या म्हणाल्या. "घोड्याची काय तक्रार हाय का?"

घोड्याची नव्हती. उलट फटाक्यांची माळ लागल्यावर त्याने खुशीत पुढचे दोन्ही पाय उचलले. माझ्या पुढे उलट्या पावलांनी पळणारे अहो त्याच क्षणी कुणाच्या तरी चपलांच्या ढिगात बसले. मी जिवाच्या आकांताने ओरडले. आणि खाली बसल्या बसल्या त्या माणसाने मला धरायचं सोडून फोटो काढला.

बाळारामदादांनी धावत येऊन जीभ टाळ्याला लावून एक आवाज केला, तशी हिरोने नाटक बंद केलं. मला चार करवल्यांनी मिळून उतरवलं आणि पंगतीला बसवलं. घरी गेल्यावर फोटो पाहिला. जमिनीवरून काढलेला, त्यामुळे मागे टॉवर नाही, गल्ली नाही, नुसतं लाल आभाळ आणि धूर. वर झेपावलेला घोडा, उगारलेली तलवार, उघडं तोंड. प्रकाशकांना पाठवला. त्यांचा फोन आला तो नरमलेल्या आवाजातच. दिवेवाली रद्द झाली.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला हॉल भरला होता, सासूबाई पहिल्या रांगेत. माझं भाषण संपल्यावर एक तरुण मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, कुणाच्याही आधाराशिवाय लढणाऱ्या बाईचा त्वेष या मुखपृष्ठावर दिसतो. त्या क्षणी तुळजा काय गर्जना करत असेल?"

अहोंनी मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. मी म्हणाले, "ते मी वाचकांवर सोडलंय."

टाळ्या पडल्या. त्या थांबायची वाट बघून सासूबाईंनी मागे वळून सगळ्या हॉलला सांगितलं, "'अहो, खाली उतरवा मला,' म्हनत हुती. म्या सोता ऐकलंया."