सर्व्हेअरकाकांचं लायसन्स

सर्व्हेअरकाकांना फोनवर कुणी नुसतं “काय, घरी सगळं ठीक ना?” असं विचारलं तरी ते “एक मिनिट हं” म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवत, खरोखर घरभर एक चक्कर मारून येत आणि मग सांगत, “ठीक आहे.” आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींत या चकरेची फार थट्टा व्हायची. मी त्यांच्याच घरी मागच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्यामुळे ही चक्कर माझ्या खोलीवरूनही जायची. दारावर टकटक, डोकं आत, “इंजिनिअर, तू आहेस ना? बरं.” की निघाले पुढे.

नाशकात काकांनी उभी हयात विम्याच्या नुकसानीचा सर्व्हे करण्यात घालवली होती. सातपूरला कारखान्याला आग लागो की कसारा घाटात ट्रक उलटो, विमा कंपनी काकांना पाठवायची. काका स्वतः बघून रिपोर्ट देत आणि त्यावर क्लेम ठरे. काकू गेल्या आणि अभिजितने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना इकडे आणलं. अभिजित इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि माझा दोस्त. वडिलांनी आता कायमचं इथेच राहावं असं त्याच्या फार मनात होतं. त्यासाठी सॉलिसिटरकडे, म्हणजे इथल्या वकिलाकडे, व्हिसाची फाइलही सुरू झाली होती. आणि नेमकं त्याच वेळी काकांचं सर्व्हेअरचं सरकारी लायसन्स संपत आलं.

आता त्या लायसन्सचं काकांना नक्की काय करायचं होतं, हे मला तरी शेवटपर्यंत समजेना. सोमवारी म्हणत, “इंजिनिअर, अर्ज वेळेत गेला नाही तर लायसन्स बाद होईल रे!” बुधवारी म्हणत, “मला काय करायचंय घेऊन? संपलं तर संपलं.” आणि शनिवारी नाशिकच्या जुन्या सहकाऱ्याला कॉलिंग कार्डवरून फोन लावून फोटो कोणत्या साइझचा लागतो ते घसा ताणून विचारत. अहो, एक काय ते ठरवा ना! पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की म्हणत, “पाहू.” हा होकार की नकार? मी सॉफ्टवेअरवाला, मला हो किंवा नाही लागतं. ‘पाहू’चं मी काय करू?

सगळं घोडं एका वाक्यावर अडलं होतं. ‘मी सध्या भारतात हा व्यवसाय करीत आहे’ अशा मजकुराखाली सही करायची होती. अभिजित म्हणाला, “करून टाका ना बाबा. लायसन्सही राहील आणि तुम्हीही इथे राहाल. कोण बघायला येतंय?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “मी बघतोय ना,” ते म्हणाले.

झालं! म्हणजे लायसन्स हवं तर नाशकाला जाऊन कामाला लागायचं आणि मुलाजवळ राहायचं तर लायसन्सवर पाणी सोडायचं. मधली वाट होती ती त्यांनी स्वतःच बंद करून टाकली. पाच-सहा दिवस घरात कुणी धड बोलेना. मला तर दोघांचंही पटायचं. अभिजित बोलायला लागला की त्याचं खरं वाटायचं आणि काका बोलले की त्यांचं.

त्याच हिवाळ्यात आम्ही सगळे वीकएंडला केंब्रिजला गेलो असताना घरात वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. परत येऊन बघतो तर दिवाणखान्याचं छत खाली आलेलं आणि कार्पेटमध्ये पाय रुततोय. विमा कंपनीने नुकसान बघायला एक बाई पाठवली, लिंडा नावाची. इकडे या लोकांना लॉस अॅडजस्टर म्हणतात. काका सकाळपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात टॉर्च ठेवून तयार. लिंडा भिंतीला हात लावी, की तिच्यामागून काकाही लावत. ती वाकून वास घेई, की काकाही घेत. मला हसू आवरेना. खिडकीजवळच्या मोठ्या पिवळ्या डागापाशी येऊन तिने तोही पाण्याच्या नुकसानीत धरला, तेव्हा काका पुढे सरसावले.

“मॅडम, धिस इज नॉट वॉटर. धिस इज हळद. टर्मरिक. गणपती टाइम.”

अभिजितने त्यांचा शर्ट मागून ओढला. छे! काका आता थांबतायत होय? सोफ्याचा पाय आधीपासूनच मोडका होता हेही त्यांनी वाकून, विटेचा टेकू काढून दाखवलं. सोफा बिचारा तिथल्या तिथे कलंडला.

लिंडा लिहायची थांबली. तुम्ही याच धंद्यातले का, असं तिने विचारलं. काकांनी आतल्या खिशातून लायसन्स काढून दिलं. तिने ते दोन्ही बाजूंनी आदराने बघितलं आणि म्हणाली, आमच्याकडे हे काम करायला असं सरकारी लायसन्स लागतच नाही. परीक्षा असतात, अनुभव लागतो, पण रिन्यू करायला असं काही नसतं.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “लायसन्स नाही?” ते मला मराठीत म्हणाले. “अरे, मग आपण सर्व्हेअर आहोत हे हिला कळतं कशावरून? विचार तिला.”

मी विचारलं. लिंडा हसली. म्हणाली, “रोज सकाळी कुणीतरी मला बोलावतं ना, त्यावरून.”

मी ते तसंच्या तसं काकांना सांगितलं. त्यांनी लिंडाकडून लायसन्स परत घेऊन आतल्या खिशात ठेवलं.

ती गेल्यावर अभिजित जो भडकला! “बाबा, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूचे?”

“सर्व्हेअर कुणाच्या बाजूचा नसतो रे,” काका म्हणाले. मग जेवताना, भात कालवता कालवता, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, “मी नाशकाला जाऊन येतो. लायसन्सचं काम करतो आणि येतो परत.”

कोच स्टेशनवर त्यांना हीथ्रोच्या बसमध्ये बसवायला आम्ही दोघं गेलो होतो. अभिजितने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “परत येणार ना, बाबा?” काका लगेच म्हणाले, “येणार तर!” इतकं पटकन उत्तर त्यांनी कुणालाच कधी दिलं नव्हतं. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण काय ते उमगेना.

लायसन्स रिन्यू झालं. पण दर रविवारी फोनवर “हे एवढं काम उरकतो आणि निघतो” एवढंच ऐकू यायचं. पुढच्या वर्षी मी सुट्टीवर गेलो तेव्हा मुद्दाम नाशकाला जाऊन त्यांना भेटलो. सातपूरच्या एका जळालेल्या गोडाउनमध्ये काका पँट दुमडून राखेत उभे होते आणि मालकाची उलटतपासणी चालली होती. मला बघून इतके खूश झाले! काळ्या हातांनीच माझी पाठ थोपटली, शर्टाची वाट लावली.

“काका, नॉटिंगहॅमचं काय?” मी विचारलं.

ते जरा वेळ हात पुसत राहिले. “अभिजितला सांग, मी खोटं बोललो होतो. त्याच्या तोंडावर नाही म्हणवेना रे मला. सॉलिसिटरची फाइल बंद कर म्हणावं.”

असला निरोप कसा सांगायचा? विमानात मी त्याची वाक्यं जुळवत आणि मोडत बसलो होतो. शेवटी किचनमध्ये अभिजित कप विसळत असताना, जसा होता तसा निरोप सांगून टाकला.

अभिजितने मागे वळूनही बघितलं नाही. “माहीत होतं मला,” तो म्हणाला. “तिकीट मीच काढलं होतं ना. नुसतं जायचं. परतीचं काढलंच नाही.”

“अरे, पण मग...” माझ्या डोक्यात सगळा गोंधळ झाला. “त्यांनी तिकीट बघितलं नाही?”

“बघितलं की. उलटसुलट करून, अगदी मागचं बारीक अक्षरसुद्धा वाचलं माझ्यासमोर. मग नीट घडी घालून खिशात ठेवलं, आणि म्हणाले, अभि, थोडा चहा टाकतोस?”