निळा डाग ताईंच्याच पायावर

आधीच सांगून ठेवते... भूतबाधा, अंगात येणं, नवस, उतारा, यातलं काही आमच्या घरात चालत नाही. आम्ही भंडाऱ्याकडचे बौद्ध, भिलाईत वाढलेलो. लहानपणी कुणी नुसतं 'नजर लागली' म्हटलं तरी बाबा चिडायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही एकत्र राहतो. मी, माझा नवरा प्रशांत, पाच वर्षांचा आयुष आणि माझे मोठे दीर-जाऊ. दोघं भाऊ स्टील प्लांटमध्ये, मी जवळच चरोद्याला रेल्वेच्या ऑफिसात. माझ्या जाऊबाई, सुशीलाताई, घरीच असतात. त्यांना मूल नाही. मी ड्युटीवर गेले की आयुष त्यांच्याकडेच असतो आणि त्यांना 'मोठी आई' म्हणतो. रीतच आहे तशी आमच्यात. पण मला तो शब्द खुपतो, स्पष्टच सांगते. संध्याकाळी मी थकून घरी यावं, तर हा त्यांचा पदर धरून विचारणार, "तू कावून आली?" का आलीस म्हणून! सगळे हसतात. मला नाही हसू येत.

मागच्या थंडीत आयुषला साधा ताप आला आणि बघता बघता पोरगा निपचित पडला. रायपूरच्या हॉस्पिटलात म्हणाले, व्हायरसमुळे हृदयाला सूज आलीय. त्याला एक्मोवर टाकलं. म्हणजे मानेतल्या नळीतून रक्त बाहेर काढायचं, मशीनने त्यात ऑक्सिजन भरायचा आणि परत आत सोडायचं... हृदयाचं काम मशीनच करतं. आत फक्त आईवडिलांना सोडायचे, म्हणून ताई भिलाईलाच राहिल्या. आणि खरं सांगू? तेवढ्या भीतीतसुद्धा मला आत कुठेतरी बरं वाटलं. इथे तरी त्याची आई मी एकटीच होते.

मग डॉक्टर म्हणाले, मशीन चालू आहे, पण हृदयाची डावी बाजू रिकामी होत नाहीये, फुगतेय, फुप्फुसांत पाणी भरतंय. पायाच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आतल्या पडद्याला छिद्र पाडावं लागेल, तरच दाब उतरेल. त्यासाठी मशीनसकट त्याला कॅथ लॅबमध्ये न्यायचं. वाटेत मानेतली नळी सरकली तर... एवढं बोलून त्यांनी कागदावर चित्र काढून उजवा पाय दाखवला, इथून जाणार म्हणाले. प्रशांतने घरीही फोनवर तसंच सांगितलं.

घरी ताईंनी परित्राण पाठ ठेवला होता. आमच्यात नवस बोलत नाहीत. बायका-माणसं गोल बसतात, पांढरं सूत सगळ्यांच्या हातातून फिरवतात आणि बुद्धाची पाली सुत्तं म्हणतात. मनाला बळ मिळावं म्हणून, बाकी काही नाही.

दुपारी पलंग निघाला. एक जण मशीन ढकलतोय, एक सिस्टर नळ्या धरून चालतेय, एक जण हवेची पिशवी दाबतोय. वरातीएवढी माणसं, पण कुणाच्या तोंडून आवाज नाही. दार बंद झालं. प्रशांतने घरी फोन केला, "आत नेलं." मी भिंतीला टेकून बसून राहिले. पाठीला भिंतीचा गारवा लागत होता. दुसरं काही मला जाणवलं नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. "हो गया, मम्मी." उजव्या पायातली शीर साथ देईना, म्हणून ऐनवेळी डाव्या पायातून केलं म्हणे. हे घरी कळवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. पोरगा ठीक आहे, एवढंच कळवलं. पुढे हळूहळू त्याचं हृदय सावरलं, मशीन निघालं आणि एकदाचे आम्ही त्याला घेऊन भिलाईला आलो.

ताई लंगडत दाराशी आल्या. आयुष माझ्या कडेवरून सरळ त्यांच्याकडे झेपावला. मी विचारलं, "पायाले काय झालं, ताई?"

"काई नाई वं, न्हाणीत घसरली."

शेजारच्या मेश्रामकाकू तिथेच उभ्या होत्या. "खोटं कावून बोलून राहिली वं सुशीला? पाठ चालू होता, प्रशांतचा फोन आला का आत नेलं म्हून. मंग थोड्या वेळानं इनं एकदम मांडी दाबून धरली. म्हने, मले कोनीतरी टोचून राहिलं! मीच आत नेऊन पाह्यलं, तं जांघेत हा एवढा निळा डाग."

"चूप बसा न काकू," ताई कावल्या. "आपल्या घरात असं बोलत नाई."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. "दाखवा."

इतके दिवस होऊनही डाग गेला नव्हता. कडेने पिवळा पडला होता आणि मधोमध सुईच्या टोकाएवढी खपली होती. आयुषच्या जांघेतलं ड्रेसिंग काढलं तेव्हा जसं पाहिलं होतं, अगदी तसंच. आणि पाय डावा.

"तुमाले कोनं सांगतलं, डाव्या पायातून केलं म्हून?"

"डाव्या? प्रशांत तं उजवा म्हने..." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग रडायलाच लागल्या. "लय दुखलं असंल न वं त्याले, संगीता?"



प्रशांत म्हणतो योगायोग. फॉलोअपला डॉक्टरांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, टेन्शनमध्ये माणसाला काहीही होतं. असेल. पण टेन्शनने होणार होतं तर उजव्या पायाला व्हायचं ना? घरी सगळ्यांना उजवाच तर माहीत होता! याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

माझा प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो मी घरात कुणाला विचारू शकत नाही. व्हायचंच होतं, तर त्यांना का? पोटात मी वाढवला. एका भिंतीच्या अलीकडे मी बसले होते. त्या तिकडे, वाटेतल्या कुम्हारी गावाच्याही पार, भिलाईत.

त्या दिवशी ताईंच्या खोलीतून निघाले ती न्हाणीत गेले. दार लावून, लाइट लावून माझी डावी मांडी नीट निरखून पाहिली. मग उजवीही पाहिली. कुठेच काही नव्हतं.