उसन्या गोळ्या

आमच्या हिर्डोशीकडच्या वस्तीवर मीठ, विरजण, बियाणं, बैल, सगळं उसनं चालतं. एसटी आली तर आली, तिच्या भरवशावर कोण बसणार? घेतलेलं परत करायचं, जमलं तर थोडं वाढवून करायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. याच सवयीनं माझी थोरली जाऊ गेली. लोक तिला नशीब म्हणतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी त्यांना आक्का म्हणायचे. दोघींचेही नवरे वारलेले, पोरं पुण्याला कंपनीत. दोघींच्या खोल्या समोरासमोर, मध्ये अंगण. एका पावसाळ्याच्या तोंडाला दोघींनाही क्षय निघाला. आशाताई घरपोच गोळ्या आणून द्यायच्या. रोज सकाळी आक्का त्यांच्या दारातून हाक मारायच्या, "गोळी घेतली का गं?" मी म्हणायची, "घेतली. तुमी?" मग त्या मला दिसेल अशी मान मागं टाकून गिळायच्या.

ऐन लावणीत वानरं कौलं उचकटून आत शिरली आणि माझी गोळ्यांची पिशवी घेऊन गेली. खायचं काही वाटलं असेल मेल्यांना. पाठोपाठ घाटात दरड कोसळली, रस्ता बंद. आशाताई येणार कुठून? आक्कांनी स्वतःची पाकिटं माझ्यापुढं केली.

"माज्याकडं जादा हायेत. घे तू."

मी घेतल्या. त्याही रोज समोर उभ्या राहून गिळत होत्या. ते हरभरे होते हे मला अंगणापलीकडून कसं दिसणार?

मी बरी झाले. आक्का मात्र थंडीत पुन्हा खोकायला लागल्या. त्यांना भोरला दवाखान्यात नेलं, थुंकी तपासायला पुण्याला गेली. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नेहमीच्या गोळ्या आता लागू पडत नाहीत. मध्ये बंद केल्या होत्या का?"

"बंद कुठं? उसन्या दिल्या व्हत्या हिला," आक्का शांतपणे म्हणाल्या. "रस्ता सुरू झाल्यावर दोन-दोन खाऊन फेडल्या की. वकाऱ्या यायच्या, एखादा दिस चुकायचा. पर फेडल्या."



डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, जंतू सगळे सारखे नसतात. असंख्य जंतूंत एखादा जन्मतःच वेगळा निघतो, त्याच्यावर एखादं औषध चालत नाही. सगळी औषधं रोज घेतली तर त्याचाही निकाल लागतो. खाडा झाला की साधे मरतात, तो उरतो, आणि पुढं त्याचीच पिलावळ वाढते. मला आमचं खाचर आठवलं. भातासारखंच दिसणारं तण असतं, बेणणी अर्धी सोडली की तेच माजतं.

आक्कांना नवी, जास्त दिवसांची औषधं सुरू झाली. तोंडाला फडकं बांधून जवळ बसायला हरकत नाही, असं मला सांगितलं होतं. पण आक्का ऐकतील तर ना!

"आंगण वलांडू नगं. तुजं बरं झालंय, ते ऱ्हाऊ दे."

मी ताट अंगणाच्या मधोमध ठेवायची आणि परत फिरायची. एकदा अंगणातूनच ओरडले, "मला इचारलं व्हतं का, तुमच्या गोळ्या पायजेत का म्हणून?" त्या हसल्या. हसता हसता खोकला आला आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

आता सकाळची हाक मी मारायची. "घेतली," असं आतून यायचं. पायांची आग होते, अन्न ठरत नाही, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आशाताईंकडून कळलं. शिमग्यानंतर एका सकाळी आतून उत्तर आलं नाही. त्या सकाळी मी अंगण ओलांडलं.

नंतर माझीही तपासणी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला काही नाही. त्यांचे जंतू तुमच्यापर्यंत पोचले नाहीत." त्या खुशीत होत्या. मी भोरच्या स्टँडवर बसून पोटभर रडले, एक एसटी जाऊ दिली.

सकाळी अजून दाराशी येते. समोर कुलूप. आक्का, वस्तीवर मी कुणाचं काही उसनं ठेवलेलं नाही. तुमच्या तेवढ्या गोळ्या माझ्या अंगात राहिल्यात.