चौथं लायसन्स

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा डिझाइन विभाग म्हणजे एक एसी खोली आणि सहा कॉम्प्युटर. डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंगं ज्या सॉफ्टवेअरवर काढायची, त्याची लायसन्सं मात्र चारच. ती कोपऱ्यातल्या सर्व्हरवर असायची. ज्यानं सॉफ्टवेअर उघडलं त्याला एक मिळायचं, त्यानं बंद केलं की ते दुसऱ्याला मोकळं. म्हणून जेवायला उठताना बंद करून जायचं, हा खोलीचा नियम होता, आणि तो मीच घातला होता. सर्व्हर नऊ वर्षं माझ्याकडे होता. काही अडलं की ‘मॅडमना विचारा’ हे ऐकायची मला सवय लागली होती.

मग ती आली. बदलापुरातल्या शिरगावची, डिग्रीवाली. मी तिथल्याच बेलवलीची, डिप्लोमावर लागलेली. दोन महिन्यांत शेठनी सगळ्यात मोठ्या डायचं काम तिला दिलं. ते मला मिळणार, असं मी घरी सांगूनही बसले होते. सरळच सांगते, मी जळत होते. तिचा डबा, तिचं हसणं, शेठशी बोलताना न अडखळणं, सगळंच खुपायचं. त्यात ती मला ताई म्हणायची, म्हणजे धड भांडायचीही सोय नाही.

एका शुक्रवारी मी एक लायसन्स महिन्याभरासाठी माझ्या लॅपटॉपवर काढून घेतलं. बाहेरगावी काम करणाऱ्यांसाठी तशी सोय असते, तोवर सर्व्हरवर ते एक कमी होतं. मला कुठेही जायचं नव्हतं. ती रोज आधी खाली मशीनवर मापं घ्यायची आणि मग वर यायची. तोवर बाकीचे आपापलं उघडून बसलेले असायचे, तेव्हा कमी पडलं तर तिलाच पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी तसंच झालं. तिच्या स्क्रीनवर लायसन्स शिल्लक नसल्याचा मेसेज आला. चार वाजता पार्टीचा माणूस ड्रॉइंग न्यायला येणार होता. बाकी तिघांपैकी कोणाला बंद करायला सांगावं, तर त्यांचीही कामं त्याच दिवशी जायची होती. तिनं मला हाक मारली आणि मी साळसूदपणे कामाला लागले. केबल काढून घातली, सगळ्यांना कामं सेव्ह करायला लावून सर्व्हर बंद-चालू केला, फायरवॉल तपासली, नेटवर्कला नावं ठेवली. बारा वाजले. तेव्हा तिनं विचारलं, कुठलं लायसन्स कोणाकडे आहे ती यादी बघू का? नाही कसं म्हणणार?

यादीत तीन नावं खोलीतली होती. चौथं माझं, त्यापुढे माझा लॅपटॉप, शुक्रवारची तारीख आणि महिन्याची मुदत. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. तिचा माउस त्या ओळीवर येऊन थांबला.

तेवढ्यात शेठ आत आले. ते उल्हासनगरचे सिंधी, हिंदीत मराठी कालवून बोलायचे.

“चार बजे पार्टी आ रही है. प्रॉब्लेम कुठे आहे?”

तिनं यादी बंद केली.

“सर, एक लायसन्स अडकलंय. कुठे ते ताईंना कळलंय, काढतायत त्या.”

“मॅडम है ना, फिर क्या टेन्शन,” म्हणत शेठ गेले.

मी टेबलाखालच्या बॅगेतून लॅपटॉप काढला आणि लायसन्स परत केलं. दोन क्लिकचं काम. तिचं ड्रॉइंग वेळेत गेलं. संध्याकाळी शेठनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि तीसुद्धा मान डोलावत होती. ती एखादा टोमणा मारेल आणि मला उसळून भांडता येईल, म्हणून मी वाट बघत होते. रिक्षात बदलापूर येईपर्यंत ती मला डायमधलंच काहीबाही विचारत राहिली आणि मी उत्तरं देत राहिले.

तिच्या डिग्रीचा हेवा मी जन्मभर केला असता, त्यात मला काही जड गेलं नसतं. पण त्या खुर्चीत मी असते, तर मी यादी बंद केली नसती. शेठना जवळ बोलावून त्या ओळीवर बोट ठेवलं असतं. तिच्या मागे उभी असतानाच मला हे कळलं होतं.