एका गाडीचे दोन रिमोट

वायर सोलायला जोड्यानं कधी पक्कड हातात धरली नाही. दातांनीच सोलायचा. त्यामुळं पुढच्या दाताला खाच पडली होती, अन् हसला की आधी ती खाच दिसायची. जोड्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. साखरखेर्ड्यात बाजाराच्या रस्त्याला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं खरं नाव बायको घेत नव्हती आणि गावाला ठाऊक नव्हतं.

तुटलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. पंख्याची वायर असो, सायकलची चेन असो, कुणा म्हाताऱ्याच्या चष्म्याची काडी असो. "तुटलं म्हणून फेकतो काय बे? दोन टोकं हायेत ना अजून," असं म्हणायचा.

दुकानात त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरला चार टीव्ही जोडले होते. खेळ एकच, घाटातून ट्रक न्यायचा. दिसायचा मात्र चारही टीव्हींवर. रिमोट दोन. एकात नुसतं स्टेअरिंग, दुसऱ्यात वेग आणि ब्रेक. बाजाराच्या दिवशी धोतरवाली माणसंही पिशवी पायाशी ठेवून खेळायला बसायची.

"अबे ब्रेक दाब ना. तुह्या सासऱ्याच्या वावरात घालतो का ट्रक?"

"तू वळव तर आधी."

मी हे जाता-येता रस्त्यावरून ऐकायचो. आत पाय ठेवला नाही. "दोघं बोलल्याबिगर गाडी चालतच नाही, हेच तर त्यात हाये," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

कारण आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. घराच्या वाटणीत मधली भिंत त्यानं वीतभर माझ्या अंगणात घेतली. वीतभरच, पण घेतली. पुढे त्यानं हात जोडले, भिंत पाडून मागं सरकवतो म्हणाला. मी म्हणालो, आता राहू दे, आणि तोंड बंद केलं ते केलंच. चूक त्याची होती. आजही माझं म्हणणं तेच आहे.

मग त्याच्या छातीत दुखायला लागलं. मेहकरच्या डॉक्टरनं दुकान बंद करून घरी बसायला सांगितलं. घरी गुमान बसेल तो जोड्या कसला? एका सकाळी भिंतीवरून दोन काळ्या वायरी माझ्या ओसरीत उतरल्या. एक आमच्या हिनं मला न विचारता टीव्हीत खुपसली. दुसरीच्या टोकाला रिमोट होता, तो माझ्या मांडीवर आणून ठेवला. टीव्हीवर ट्रक उभा.

पलीकडून आवाज आला, "दादा, स्टेअरिंग माह्याजवळ. वेग अन् ब्रेक तुह्याजवळ. थांबवणं तुलेच चांगलं जमते."

फेकायला म्हणून मी रिमोट उचलला, तर अंगठा नेमका बटणावर पडला आणि ट्रक पुढे सरकला. जोड्या असा हसला की त्याला खोकला आला.

तेव्हापासून रोज दुपारी, जेवण झालं की आम्ही ट्रक चालवायचो. "दादा, दाब. सोड, सोड. म्हैस हाये पुढे." तो सांगायचा, मी दाबायचो. शब्द काढला नाही. बोलता बोलता त्याला दम लागायचा, गप्प व्हायचा, तेव्हा मीही ट्रक हळू घ्यायचो.

एक दिवस खेळ संपल्यावर तो म्हणाला, "दादा, उद्यापासून तू 'डावीकडे' म्हणल्याबिगर मी वळवत नाही. ट्रक दरीत गेला तरी चालते मले."

दुसऱ्या दिवशी घाटातलं वळण आलं. ट्रक सरळच निघाला. मी ब्रेक दाबला, कठड्याला टेकून तो उभा राहिला. पलीकडे चिडीचूप. मी मनात म्हणालो, बस तसाच. तू हट्टी, तर मी तुझा थोरला. आमच्या हिनं चहा आणला, तो प्यालो. ट्रक उभाच.

"बोला ना एकदा," ही म्हणाली. "काय जाते तुमचं?"

मी मान फिरवली.

भावजय माझ्याशी कधी बोललेली नव्हती. भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, पदर ओढून बाजूला व्हायचं, ही आमच्याकडची रीत, ती तिनं तीस वर्षं पाळली. त्या दुपारी तिचा आवाज भिंतीवरून आला.

"दादा, इकडे या. हे उठून नाही राह्यले."

भिंतीत दार ठेवलेलं नव्हतं, तेही माझ्याच हट्टानं. गल्लीला वळसा घालून जावं लागलं. जोड्या खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, रिमोट मांडीवर. समोरच्या टीव्हीवर तोच ट्रक. नंतर डॉक्टर, तो नेमका किती वाजता गेला ते सांगायला लागला, तेव्हा मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

मी खाटेजवळ उभा राहिलो. "डावीकडे," म्हणालो. दोनदा म्हणालो.

भावजयीला वाटलं, मी तिलाच सांगतोय. ती पदरानं डोळे पुसत डावीकडे सरकली आणि त्याच्याजवळ मला बसायला जागा करून दिली.